डावं चाक वाजतंय

८ जून २०२४, शनिवार

साताऱ्याहून गाडी आणली. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड आणि डिस्क नव्या टाकल्या. जुन्या डिस्क मी मागून घेतल्या. काठाला नख अडकेल अशी धार आलेली आणि मधे खळगा. किमान किती जाडी राहिली पाहिजे ते डिस्कवरच कोरलेलं असतं, आपल्या दोन्ही त्याच्याखाली गेल्या होत्या. बिल ७,४०० रुपये. गाडी ७२,३१० किलोमीटर चाललेली. शाळा सुरू व्हायच्या आत हे काम उरकायचंच होतं. वाईहून पाचगणी, रोज पसरणीचा घाट, आणि गाडीत माझ्याबरोबर शाळेतल्या आणखी दोघी शिक्षिका असतात.

१० जून, सोमवार

मुलं गुरुवारी येणार, आम्हाला आजपासून हजेरी. जाताना काही नाही. येताना घाट उतरून गावात शिरले, गणपती आळीत रिक्षा आडवी आली म्हणून ब्रेकवर हलका पाय ठेवला आणि गाडी किंचाळली. फळ्यावर खडू उभा धरून ओढला की येतो तसा आवाज, पण लांबलचक. ओट्यावरची माणसं वळून बघायला लागली. घरी येईपर्यंत चार वेळा वाजला. नवे पॅड, नव्या डिस्क, आणि हा आवाज! जुन्या ब्रेकनी सहा वर्षांत असा आवाज कधी काढला नव्हता.

११ जून, मंगळवार

गॅरेजला फोन केला. “मॅडम, नवीन माल आहे, बसायला वेळ लागतो. पाचशे किलोमीटर चालवा, आपोआप जाईल.”

यात तथ्य आहे, म्हणून वाद घातला नाही. नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा हात दिलेला असतो. बसवण्याआधी तो पुसायला हवा, नाहीतर तेल पॅडमध्ये मुरतं. शिवाय पॅड आणि डिस्क यांची ओळख व्हावी लागते. तापलेल्या पॅडचा अगदी पातळ थर डिस्कवर सारखा बसला की दोघांची पकड एकसारखी होते. हा थर ठिकठिकाणी जाड-पातळ बसला तर ब्रेक थरथरतात, वाजतात.

तेल पुसलं होतं का, हे मात्र विचारायचं राहिलं.

१४ जून, शुक्रवार

रात्रभर पाऊस. सकाळी डिस्कवर नारिंगी गंज चढलेला. पहिल्या तीन-चार ब्रेकला खरखर झाली आणि गेली. ही खरखर वेगळी, तिची काळजी नाही. डिस्क बिडाची असते, ओली राहिली की एका रात्रीत तांबारते, पॅड तिला घासून पुसून टाकतात. आपला आवाज त्यानंतरही आहे, आणि तो बारीक आहे, धारदार आहे.

१६ जून, रविवार

आज अण्णांना, माझ्या वडिलांना, सांगितलं. आधीच सांगायला हवं होतं. बसगाड्यांच्या वर्कशॉपात त्यांची ३१ वर्षं गेली. डेपोच्या फाटकातून गाडी आत येताना नुसत्या आवाजावरून ते कुठल्या चाकाचं लायनर संपलंय ते सांगायचे. लहानपणी डबा द्यायला गेले की मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

चहा बाजूला ठेवून त्यांनी प्रश्न सुरू केले.

“दाबल्यावर वाजतंय, का सोडल्यावर?”

“दाबल्यावर.”

“हळू दाबल्यावर, का जोरात?”

“हळू. जोरात दाबलं की बंद होतं.”

“सकाळचंच, का दिवसभर? वळताना बदलतंय का? मागं घेताना?”

दिवसभर. वळताना फरक नाही. मागं घेताना वाजत नाही.

प्रत्येक प्रश्नामागे एकेक आजार होता, हे मला उत्तरं देता देता कळत गेलं. पाय न लावताच सतत घासल्याचा आवाज आला असता तर डिस्कमागचा पत्रा वाकून टेकलाय. बोटाने मागे दाबला की काम झालं. वळताना बदलला असता तर बेरिंग. जड घरघर असती तर लोखंडावर लोखंड, गाडी जागेवर उभी करायची. बारीक शीळ हलक्या दाबाला वाजते आणि दाब वाढवला की थांबते, म्हणजे पॅड त्याच्या घरात थरथरतोय. “मसाला खराब नसतोय दरवेळी,” अण्णा म्हणाले, “त्याचं बसणं खराब असतंय.”

मग म्हणाले, चल, ऐकव.

त्यांना शेजारी बसवून कृष्णेच्या पुलापर्यंत गेले. काचा खाली. हलका ब्रेक लावला, गाडी ओरडली. अण्णा समोर बघत बसलेले. पुन्हा लावला. सायकलवरचा मुलगा दचकून बाजूला झाला.

“लाव की,” अण्णा म्हणाले.

“लावला, अण्णा. दोनदा वाजला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या सायकलवाल्या मुलाकडे. तो अजून आमच्या चाकाकडे बघत होता. अण्णा काही बोलले नाहीत. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्यांनी चपलेतून पाय काढला आणि अनवाणी तळवा खाली पत्र्यावर टेकवला. “हां,” थोड्या वेळाने म्हणाले, “डावं चाक वाजतंय.”

माझं बोलणं त्यांना नीट ऐकू येतं. टीव्ही जरा मोठा लावतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ज्या कानांनी त्यांनी आम्हाला वाढवलं त्या कानांतून हा एवढा मोठा आवाज पूर्ण गळून गेलाय आणि घरात कोणाला पत्ता नाही. रात्री झोप लागली नाही.

१७ जून, सोमवार

बकरी ईदची सुट्टी. पॅड-डिस्कची ओळख करून द्यायला अण्णा आणि मी पहाटे पावणेसहाला सुरूर रस्त्यावर गेलो. दोन्ही बाजूंना वडाची झाडं, रस्ता सरळ, वाहनं तुरळक. ६० चा वेग धरायचा, चांगला दमदार ब्रेक लावून १५ वर आणायचा, गाडी पूर्ण थांबू द्यायची नाही, लगेच पुन्हा ६०. असं दहा वेळा. मग दहा मिनिटं ब्रेकला हात, म्हणजे पाय न लावता गाडी चालवून डिस्क निववायच्या. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं तर तेवढ्याच जागी पॅडचा शिक्का उठतो, म्हणून थांबायचं नाही. प्रत्येक वेळी मागे आरशात बघून मगच. अण्णा दर खेपेला मोठ्याने आकडा मोजत होते. आठव्या खेपेपासून जळका वास आला. नव्या पॅडमधली राळ तापली की तो येतोच.

परत येताना आवाज नाही. मला इतका आनंद झाला की घरी पोहोचून गाडी धुऊन काढली.

१९ जून, बुधवार

परत वाजला. गणपती आळीतच.

२० जून, गुरुवार

नववीला आवाजाचा धडा अजून लांब आहे, तरी आज मी तो काढला. काचेच्या पेल्याच्या काठावर ओलं बोट फिरवून पेला गाता केला. बोट काचेला चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि काच कापायला लागते. व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात ती चिकटणं-सुटणं नीट व्हावं म्हणून. ब्रेकमध्ये गजाच्या जागी पॅड, तारेच्या जागी बिडाची गोल थाळी. पॅड घट्ट आणि सरळ बसला, त्याच्या पाठीशी कंप गिळणारी शिम असली, तर थाळी गात नाही. तो कुठे सैल, कुठे तिरका असला की गाते. ब्रेकची ही शीळ साधारण १,००० ते १६,००० हर्ट्झमध्ये कुठेही असू शकते.

मुलांना सांगितलं, हे दुखणं डिस्क ब्रेकइतकंच जुनं आहे. फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ साली इंग्लंडात डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. पॅडला तांबं होतं, आणि ते भयंकर किंचाळायचं. पुढे हर्बर्ट फ्रूडने पॅडला अ‍ॅस्बेस्टॉस लावून ते शांत केलं. त्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांत जाऊन काय करते ते जगाला फार उशिरा समजलं. अण्णा सांगतात, ड्रम उघडला की ते आधी कॉम्प्रेसरची हवा मारायचे आणि पांढऱ्या ढगात उभे राहून काम करायचे. हे मी वर्गात बोलले नाही.

संध्याकाळी फोनवर आवाजाचा आलेख काढणारं अ‍ॅप उघडून आळीतून एक फेरी मारली. जवळजवळ सपाट रेषेतून एकच सुळका वर आला: ३,२०० हर्ट्झच्या आसपास. घरी अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो सुळका बराच वेळ पाहिला, बोटाने पडदा मोठा केला. “एवढा मोठा वाजतोय व्हय,” म्हणाले.

२१ जून, शुक्रवार

वटपौर्णिमा, शाळा लवकर सुटली. अण्णांनी सांगून ठेवलं होतं, घाट उतरलीस की कुठे न थांबता घरी ये आणि मला हाक मार.

पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर, वाई साधारण ७०० वर. हजार किलोची गाडी ६०० मीटर खाली येते तेव्हा जवळजवळ ६० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. बादलीभर गार पाणी उकळायला लागेल एवढी उष्णता! गिअर खालचा ठेवला तर बरीचशी इंजिन खातं, पण उरलेली सगळी पुढच्या दोन थाळ्यांतून हवेत जाते.

अण्णांनी हाताची उलटी बाजू आधी उजव्या रिमजवळ धरली, मग डाव्या. लगेच मागे घेतली. मग माझा हात धरून तसाच फिरवला. उजवीकडे ऊब, डावीकडे आच. एकाच घाटातून, एकाच वेळी आलेली दोन चाकं. डावा पॅड ब्रेक सोडल्यावरही डिस्क सोडत नव्हता.

२३ जून, रविवार

पाऊस उघडला होता. अंगणात फरशीवर गाडी घेतली, मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला. नट जमिनीवरच ढिले केले, मग जॅक. चाक निघाल्यावर अण्णांनी ते गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवलं. जॅक घसरला तर गाडी चाकावर यावी, माणसावर नाही.

त्यांचे हात मी कितीतरी वर्षांनी असे जवळून पाहिले. खालचा बोल्ट काढला, पॅड दाबणारा कॅलिपर वर उचलला आणि तारेने बांधून ठेवला, पाइपवर भार येऊ नये म्हणून. पॅड ओढायला गेले तर निघेना. स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून काढावा लागला. तिथेच ते थांबले.

“पॅड बोटानं सरकला पाहिजे,” म्हणाले. “ह्यो ठोकून बसवलाय.”

पॅडच्या घरातली पत्र्याची क्लिप जुनीच होती. नव्या पॅडबरोबर क्लिपा बदलल्याच नव्हत्या. क्लिपेखाली गंजाची पापडी धरलेली, तिने घर अरुंद केलेलं. पॅडच्या पाठीची शिम कुठेच नव्हती. दोन्ही पॅड उताणे ठेवले. आतला सगळीकडून सारखा घासलेला. बाहेरचा फक्त एका कडेला, आणि तेवढा पट्टा आरशासारखा चकाकत होता. पॅडचा मसाला तापून वरून काचेसारखा झालेला.

आता असं का झालं ते. या कॅलिपरला दट्ट्या एकाच बाजूला असतो, आतल्या. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच दाबाच्या उलट धक्क्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना मोकळ्या सरकल्या तरच दोन्ही पॅड एकदम आणि सरळ येतात. अण्णांनी वरची पिन दोन बोटांत धरून आत-बाहेर केली, लोण्यासारखी चालली. खालची पिन हलेना. पकडीने पिळून, फिरवून बाहेर काढली, तेव्हा तिच्या टोकाचं रबर फुगून मऊ, चिकट झालेलं दिसलं. अण्णांनी ते बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, “बेरिंगचं ग्रीस घातलंय.”

मला एकदम उलगडा झाला. ब्रेकमधलं रबर साध्या खनिज तेलाला सोसत नाही, ते तेल पिऊन फुगतं. वर्कशॉपात पोरांना हे पहिल्या दिवशी शिकवायचे म्हणे: ब्रेकच्या रबराला डिझेल-पेट्रोलचा हात लागता कामा नये, धुवायचं तर ब्रेक ऑइलनेच. पिनेला सिलिकॉनचं ग्रीस लागतं. इथे कुणीतरी हाताशी होतं ते लावलं, रबर फुगलं, पिन जाम झाली, बाहेरचा पॅड तिरका येऊन तिरकाच राहिला, तापला, काचेसारखा झाला, आणि गणपती आळीत ओरडायला लागला. त्या पोराला हे कुणी सांगितलंच नसेल. पण सात हजारांचं सामान घालताना शंभर-दीडशे रुपयांच्या रबराला आणि क्लिपेला कुणी बघितलं नाही, याचा मला दिवसभर राग येत होता. त्याच गाडीतून आम्ही तिघी रोज तो घाट उतरतो.

सोमवारपासून पाचगणीला एसटीने.

२७ जून, गुरुवार

साताऱ्याला जाऊन आले. सकाळी दुकानातून दोन्ही चाकांच्या पिनांचं किट, क्लिपा, शिम, सिलिकॉन ग्रीसची पुडी. दुपारी अण्णांना कानाच्या डॉक्टरांकडे. ते यायला तयार नव्हते. “तुमच्या कानात पण क्लिप जुनी राहिली असेल, बघून तरी येऊ,” असं म्हटल्यावर निघाले.

काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरून मी बघत होते. सुरुवातीला त्यांचं बोट झरझर चालत होतं, मग लांब-लांब अंतराने, मग नुसतं बटणावर टेकलेलं. डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. डावीकडे रेषा बरी आहे, ३,००० हर्ट्झपाशी घसरते, ४,००० ला थेट दरीत जाते आणि पुढे थोडी वर येते. वर्षानुवर्षं हातोडा, रिव्हेट, कॉम्प्रेसर यांच्या आवाजात काम केलेल्या माणसांचा आलेख असाच ४,००० ला खचतो, ते म्हणाले. त्यात वयाची भर. बोलण्यातले जाड स्वर ऐकू येतात म्हणून घरच्यांना समजत नाही.

मी फोन काढून आमच्या ब्रेकचा सुळका शोधला आणि शेजारी धरला. ब्रेक जिथे वर जातो त्याच उतारावर अण्णांचे कान खाली जातात. अण्णांनी दोन्ही आलेख पाहिले. डॉक्टरांना विचारलं, “ह्याला मशीन येतंय ना?”

येतं. गुरुवारी चार तारखेला माप द्यायचं आहे.

३० जून, रविवार

सकाळी साडेसातला सुरुवात, उठलो तेव्हा अकरा वाजले होते.

पॅडचं घर तारेच्या ब्रशने आणि मग कानशीने चकचकीत होईपर्यंत घासलं. तोंडाला रुमाल बांधून, ओलं करून. हवा मारायची नाही, हे मी बजावलं होतं. नव्या क्लिपा बसवल्या. पॅड घातला आणि अण्णांनी करंगळीने ढकलला. सरकला. त्यांनी तो बाहेर काढून मला दिला, “आता तू ढकल.”

पॅडचा काचेसारखा थर काढायला जाड काचेवर पॉलिश पेपर पसरला आणि त्यावर पॅड आठाच्या आकड्यात फिरवला, मॅट काळा दिसेपर्यंत. कडांना अण्णांनी कानशीने थोडा उतार दिला. बसच्या लायनरलाही ते असंच करायचे. सरळ धार डिस्कला आधी चावते आणि तिथूनच कंप सुरू होतो. डिस्क गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन कोरडी केली. पिनांची भोकं कापडाने आतून पुसून पुसून जुन्या ग्रीसचा डागही ठेवला नाही. नवं रबर, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. पॅडच्या कानांना आणि पाठीला ग्रीसचा ठिपका, तोंडाला चुकूनही नाही. उजवं चाकही उघडलं. तिथेही तेच ग्रीस होतं, रबर फुगायला नुकती सुरुवात झालेली. आज ना उद्या तेही असंच जाम झालं असतं.

चाकं लागल्यावर, गाडी हलवायच्या आधी, पेडल सात-आठ वेळा दाबून घट्ट केलं. मागे सरकलेला दट्ट्या पहिल्या दाबाला पॅडपर्यंत पोहोचत नाही, आणि हे विसरून गाडी रस्त्यावर काढली तर पहिला ब्रेक लागतच नाही. ब्रेक ऑइलची पातळी पाहिली. मग पुन्हा सुरूर रस्ता, पुन्हा दहा खेपा. अण्णांनी आकडे मोजले.

१ जुलै, सोमवार

अण्णा आज माझ्याबरोबर पाचगणीला आले. दिवसभर टेबललँडच्या बाजूला एका ओळखीच्यांकडे बसले, चारला गाडीत. त्या दोघी मागे.

उतरताना पाऊस नव्हता, धुकं होतं. दुसऱ्या गिअरमध्ये, डोंगराच्या कापलेल्या भिंतीशी लगटून. तिथे आवाज आदळून परत येतो, म्हणून अण्णांनी काच खाली करायला लावली.

“लाव हळू.”

लावला.

“वाजतंय?”

“नाही.”

“पुन्हा लाव.”

प्रत्येक वळणाला विचारत होते आणि तळवा पत्र्यावर टेकलेला होता. मागच्या दोघींनाही त्यांनी आलटून पालटून विचारलं, मी गप्प बसवत असेन अशी शंका आल्यासारखं. टायरखालचं पाणी, इंजिनचा घुमारा, एवढंच. गणपती आळीत मी मुद्दाम तिथेच, त्याच ओट्यापाशी हलका पाय ठेवला. कोणी वळून पाहिलं नाही.

घरी दोन्ही रिमजवळ हात धरला. सारखी ऊब.

७२,९६० किलोमीटर. ५,००० झाले की चाकं उघडून पिना बघायच्या, वाजो न वाजो. अण्णांनी पानाच्या कोपऱ्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: ग्रीस सिलिकॉनचंच.